निघालेला कासीद

आमच्या राधानगरीत पावसाळ्यात माणसे भेटली की नमस्कार-सलाम व्हायच्या आधी एकच प्रश्न येतो, "दरवाजं उघडलं काय?" हे दरवाजे म्हणजे भोगावती नदीवरच्या धरणाचे. राजर्षी शाहू महाराजांनी हे धरण बांधायला घेतले. जवळ वसवलेल्या गावाला त्यांनी आपल्या कन्येचे, राधाबाईंचे नाव दिले, आणि तलाव महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९२२ साली महाराज गेले तेव्हा काम अर्धवट होते. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात ते पुरे झाले. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला टेकले की ते आपोआप वर उचलले जातात. त्यासाठी कुणाचा हुकूम लागत नाही की कुणी कळ दाबावी लागत नाही. एकेका दरवाज्यातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटते. पातळी उतरली की दरवाजे आपोआप मिटतात. पण मधल्या वेळात सुटलेले पाणी पंचगंगेच्या वाटेला लागलेले असते. ते काही परत येत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अशाच एका रात्री माझाही एक दरवाजा आपोआप उघडला.

झाले असे. ज्यांनी मला बी. ए.ला मराठी शिकवले, ज्यांच्या वहीत पाहून मी कविता लिहायला शिकलो, त्या माझ्या सरांनी आपल्या नव्या संग्रहाचे हस्तलिखित मला पाठवले होते. वय ऐंशीच्या घरात. सोबत दोन ओळी होत्या : प्रस्तावना तू लिहावीस अशी इच्छा आहे. हस्तलिखितात साठ कविता होत्या. मी त्या तीन वेळा वाचल्या आणि प्रत्येक वेळी माझे मन अधिकच खट्टू झाले. शेवटी एका मित्राला, जो दिवाळी अंक काढतो, मी ई-मेल लिहिली. मनात होते ते सगळे लिहिले. साठांतल्या वीसच कविता ठेवण्यासारख्या आहेत. बाकीच्यांत सर स्वतःचीच नक्कल करत आहेत. त्यांनी दहा वर्षांपूर्वीच थांबायला हवे होते. आणि आता मला खोटी प्रस्तावना लिहावी लागणार, असे सगळे त्यात होते. सरांचे आणि या मित्राचे नाव एकाच अक्षराने सुरू होते. पत्त्याच्या रकान्यात मी दोन अक्षरे टंकली, उरलेली संगणकाने स्वतःच्या हुशारीने भरली. मी बटण दाबले आणि मगच वर पाहिले. मेल सरांना गेली होती.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "अब्बा, तुमच्याकडे काही सेकंद होते. खाली 'अनडू' असं आलं असेल बघा."

"ते काय असतं?"

"आता काही नसतं," ती म्हणाली.

सरांना फोन करावा असे मनात आले. पण सांगायचे काय? 'माझी मेल वाचू नका' म्हटले की माणूस आधी तीच वाचणार. बाहेर पाऊस कोसळत होता. झोप येणार नव्हती. त्या रात्री आणि त्यानंतर कित्येक महिने मी एकाच गोष्टीचा माग काढत बसलो : एकदा धाडलेला निरोप परत बोलावता येतो का? आपल्या आधीच्या माणसांनी या पेचाचे काय केले?

पत्रव्यवहाराची आपली मराठी मोठी मजेची आहे. पत्राचा मायना, वरचा सरनामा, आतला मजकूर, बाहेरचा लिफाफा हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले आणि इथे असे मुरले की ते परके होते हे सांगावे लागते. पत्र नेणारा कासीद, हाही तसाच. माझ्या घरात उर्दू पुस्तके आली तेव्हा कासीद हा प्रेमपत्रे पोचवणारा, वाटेत रेंगाळणारा, शायराच्या शिव्या खाणारा इसम होता. मराठी कागदपत्रांत मात्र तो घामाने भिजलेला खरा माणूस आहे. मराठ्यांच्या कारभारात जासूद जोडीने धाडत. एक पडला, पकडला गेला, आजारी झाला, तर दुसऱ्याने पुढे जायचे. पत्र वाटेत भलत्याच्या हाती पडू शकते हे त्या काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

म्हणूनच मराठी इतिहासातले सर्वांत दुःखद पत्र सांकेतिक भाषेत लिहिलेले आहे. आणि ते भलत्याच माणसाच्या हाती पडले.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सगळे संपले. त्या आधीचे काही आठवडे अब्दालीने मराठ्यांच्या छावणीची कोंडी केलेली, त्यामुळे दक्षिणेत नीट बातमी नव्हती. नानासाहेब पेशवे मदतीची फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांच्या लोकांना एक कासीद भेटला. तो ना पेशव्यांचा होता, ना भाऊसाहेबांचा. तो सावकारांचा होता. उत्तरेतल्या पेढीचे पत्र घेऊन औरंगाबादच्या पेढीकडे निघालेला, आणि नऊ दिवसांत पोचवण्याच्या बोलीवर पळत असलेला. तो नर्मदेच्या उतारावर सापडला असे कुणी लिहितो, कुणी भेलशाजवळ म्हणतो. पेशव्यांनी ते पत्र फोडले. आतला मजकूर पेढीवरच्या हिशेबासारखा होता. त्यात मोत्यांचा, मोहरांचा आणि मोजदाद न होणाऱ्या खुर्द्याचा तोटा सांगितला होता. प्रत्येक मराठी मुलाने तो शाळेत ऐकलेला आहे. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी माणसे.

आपण हा प्रसंग नेहमी पेशव्यांच्या बाजूने पाहतो, आणि ते साहजिक आहे. त्या पत्रातला एक मोती त्यांचा थोरला मुलगा होता. या धक्क्यातून ते सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. पण त्या रात्री मला पहिल्यांदाच पत्र लिहिणाऱ्या त्या सावकाराची आठवण झाली. त्याने कुणाचा घात करायला ते लिहिले नव्हते. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला बाजाराची खबर दिली होती. आपले हिशेबी वाक्य एका बापाच्या हाती पडेल हे त्याच्या स्वप्नातही नसेल. पण पत्र हातावेगळे केल्यावर त्याच्या हाती काय उरले होते? कासिदाच्या मागे दुसरा कासीद धाडला असता, तरी तो पहिल्याच्या पायांपेक्षा वेगवान असायला हवा होता.

इथे थोडे थांबून एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणी गावात माझ्या वडिलांच्याच नावाचे आणखी एक गृहस्थ होते. पोस्टमन नवा असला की त्यांची पत्रे आमच्याकडे येत. आंतरदेशीय पत्र फोडल्याशिवाय कळायचे नाही की ते कुणाचे. वडील पत्र उघडत, मायना वाचत, आणि 'चिरंजीव' किंवा 'भाईजान' या शब्दापाशी खात्री झाली की आपले नव्हे, तिथेच घडी घालत. पुढची ओळ नाही. मग चप्पल घालून स्वतः ते पत्र द्यायला जात. मी एकदा विचारले, "पुढं काय लिहिलंय ते बघितलं का?" ते म्हणाले, "दुसऱ्याचं खत म्हणजे दुसऱ्याची अमानत. आपण नुसतं उचलून ठेवायचं."

चुकीच्या हाती पडलेल्या पत्राचा असाही इतिहास असतो. त्याच्या बखरी होत नाहीत, कारण काही घडतच नाही.

उलट, पत्र मुद्दाम भलत्याच्या हाती पाडण्याची कलाही जुनी आहे. जानेवारी १६८१ मध्ये औरंगजेबाचा मुलगा अकबर राजपुतांच्या बळावर बापाविरुद्ध उठला आणि अजमेरजवळ येऊन ठेपला. बादशहाजवळ त्या वेळी फौज थोडी होती. त्याने मुलाला एक पत्र लिहिले. राजपुतांना तू छान जाळ्यात आणलेस, अशी त्यात शाबासकी होती. पत्राचा सरनामा अकबराचा; पण ते पडावे राजपुतांच्या हाती, अशी तजवीज केली होती. तसेच झाले. राजपूत रातोरात छावणी सोडून गेले. सकाळी शहजादा जवळजवळ एकटा उरला. पुढे तो पळत पळत थेट आपल्या मुलखात आला. त्याच वर्षी सुधागड-पालीच्या परिसरात संभाजी महाराजांच्या आश्रयाला राहिला, आणि १६८७ साली राजापूरच्या बंदरातून इराणकडे निघून गेला. एका भलत्या हाती पडलेल्या पत्राने त्याला अजमेरहून कोकणात आणले. 'मी तसे नव्हतो' हे सांगायलाही त्याला वेळ मिळाला नाही, कारण पत्र रात्री पोचले आणि खुलासा सकाळी निघाला.

म्हणजे सगळा खेळ वेगाचा आहे. पहिला निरोप परत येत नाही. त्याला फक्त गाठता येते. दुसरा निरोप अधिक पायांचा हवा.

इंग्रजांच्या अमदानीत हे पहिल्यांदा शक्य झाले. १८५४ साली हिंदुस्थानभर एकसारख्या दराचे टपाल सुरू झाले, आणि त्याच सुमारास तारायंत्रही लोकांसाठी खुले झाले. आता एका माणसाच्या हाताशी दोन कासीद आले : एक रेल्वेने जाणारा, दुसरा विजेने. कायदा करणाऱ्यांनी हे अचूक हेरले. १८७२ चा भारतीय करार कायदा काढून पाहा. त्याच्या चौथ्या-पाचव्या कलमात घर विकण्याचे उदाहरण आहे. 'अ' पत्राने 'ब'ला कळवतो की माझे घर अमुक किमतीला देतो. 'ब' पत्राने होकार धाडतो. 'अ'ला माघार घ्यायची असेल तर 'ब'ने आपले पत्र टपालात टाकेपर्यंतच, त्यानंतर नाही. पण 'ब'ला मात्र आपला होकार परत घेता येतो, ते पत्र 'अ'च्या हाती पडेपर्यंत. कसा? तारेने. पत्र गाडीत डुलक्या घेत असताना तार पुढे जाऊन दार ठोठावते आणि सांगते, मागून येणाऱ्याचे ऐकू नका.

मला त्या कलमातला एक विचार फार आवडला. प्रस्ताव पोचला असे केव्हा म्हणायचे? तो दुसऱ्या माणसाला कळेल तेव्हा. नुसते दारात पडून भागत नाही. हे मी मनात ठेवले, कारण मला ते उपयोगी पडणार होते.

मग वाटेवरचे पत्र कुणाचे? पाठवणाऱ्याचे की घेणाऱ्याचे? जगभरच्या टपालखात्यांचा जो संघ १८७४ साली बर्न येथे स्थापन झाला, त्याच्या करारात तत्त्व असे, की टपाल योग्य माणसाच्या हाती पडेपर्यंत पाठवणाऱ्याच्याच मालकीचे. आपल्या टपालखात्याच्या नियमांतही लेखी अर्ज करून वाटेतले पत्र परत मागवण्याची सोय होती. पाठवलेली मनीऑर्डर परत मागवण्याचा किंवा घेणाऱ्याचे नाव बदलण्याचा हक्क १८९८ च्या टपाल कायद्यातच दिलेला होता. चुकून दुसऱ्याचे पत्र हाती आले आणि ते दाबून ठेवले, तर त्या कायद्याने तो गुन्हा होता. माझ्या वडिलांनी हे कलम वाचलेले नव्हते. तो कायदा २०२४ साली गेला आणि त्याच्या जागी नवा आला.

वाटेवरचे पत्र कुणाचे, या प्रश्नावर एक मोठा खटला झाला, आणि तो आपल्या शेजारचा आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीचा काच कारखाना कुणाला आठवत नाही? त्यांचे प्रभाकर कंदील आमच्याही घरात होते. वीज गेली की त्याची काच पुसण्याचे काम माझ्याकडे असे. स्वातंत्र्यापूर्वी ओगलेवाडी औंध संस्थानात होती, म्हणजे ब्रिटिश हद्दीच्या बाहेर. कारखाना दिल्लीच्या सरकारला माल पुरवी आणि पैसे धनादेशाने, टपालातून येत. प्राप्तिकर खाते म्हणाले, धनादेश दिल्लीच्या टपालात पडला तेव्हाच पैसे तुम्हाला मिळाले, कर द्या. कारखाना म्हणाला, ओगलेवाडीत आमच्या हाती पडले तेव्हा मिळाले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५४ साली निकाल लागला, तो असा : टपालाने पाठवा असे घेणाऱ्यानेच सांगितले असेल, तर टपालखाते त्याचा माणूस ठरते. त्याच्या माणसाच्या हाती दिले म्हणजे त्याच्याच हाती दिले. कारखाना हरला.

कायद्याचा कीस बाजूला ठेवला तरी या निकालात एक व्यवहारी शहाणपण आहे. कासीद कुणाचा, हे त्याला कुणी बोलावले यावर ठरते. मी हे वाचले आणि आठवले, की सरांनीच मला लिहिले होते : तुझे मत ई-मेलने कळव.

आता ई-मेलकडे येऊ. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने जाळ्यावरून पहिली ई-मेल पाठवली. एकाच खोलीत शेजारी ठेवलेल्या दोन संगणकांमध्ये. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे करायला त्यांनी मध्ये '@' हे चिन्ह घातले. तोच आपला नवा सरनामा. पुढे १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी या डाकेचे नियम लिहून काढले. हे नियम मी समजून घेतले तेव्हा मला जासुदांची चौकी आठवली. पाठवणारे यंत्र घेणाऱ्या यंत्राचे दार वाजवते. कोण आहे ते सांगते. पत्र कुणाला ते सांगते. मग मजकूर देते. घेणारे यंत्र शेवटी एक आकडा उच्चारते : २५०. म्हणजे ठीक, मिळाले. या आकड्यानंतर पत्राची जबाबदारी त्याची. पाठवणाऱ्याचा हात सुटला. परत बोलावण्यासाठी त्या नियमांत एकही शब्द नाही.

मग ते 'अनडू' काय आहे? जीमेलने ही सोय २००९ साली प्रयोग म्हणून आणली आणि २०१५ साली सर्वांसाठी पक्की केली. तिच्यात गंमत अशी, की ती काहीच परत आणत नाही. आपण बटण दाबतो, यंत्र 'पाठवली' म्हणते, पण मेल दाराच्या आत उभी असते. पाच सेकंद, दहा सेकंद, जास्तीत जास्त तीस. कासीद उंबऱ्यावर पागोटे बांधत थांबलेला असतो. तेवढ्यात हाक मारली तर तो वळतो. कचेऱ्यांमधल्या आउटलुकमध्ये मेल परत मागवण्याची खरीखुरी कळ आहे, पण ती एकाच संस्थेच्या भिंतींच्या आत चालते. बाहेर गेलेल्या मेलला ती लागू नाही. व्हॉट्सॲपने २०१७ साली 'सर्वांसाठी डिलीट' आणले. आरंभी त्यासाठी सात मिनिटे मिळत, २०२२ पासून दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो. पण तिथे निरोप पुसला तरी 'इथे काहीतरी होते' अशी पाटी राहते. ती पाटी कधी कधी निरोपापेक्षा अधिक बोलते.

आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानेही हे ओळखले आहे. निरोप आपल्या ताब्याबाहेरच्या यंत्रात शिरला की तो पाठवला गेला. समोरच्याने नेमून दिलेल्या यंत्रात शिरला की तो मिळाला. १८७२ च्या कायद्यातल्या 'कळण्या'साठी इथे वेळ राहिलेला नाही. आणि पुढे जाऊन गाठणारी तार? ती १४ जुलै २०१३ रोजी बंद झाली. विजेच्या कासिदाला मागे टाकेल असा कासीद आता उरला नाही.

की उरला आहे? त्या रात्री पहाटे तीनला मला वाटले, आहे. मेल सरांच्या यंत्रात पोचली, पण सरांना कुठे पोचली? त्यांना पडद्यावरचे बारीक अक्षर दिसत नाही. रविवारी नातू येतो तेव्हा तो मेल उघडून त्यांना वाचून दाखवतो, हे मला ठाऊक होते. त्या दिवशी शुक्रवार उजाडत होता. म्हणजे विजेच्या कासिदाला एस.टी.ने गाठता येणार होते.

सकाळच्या गाडीने निघालो. रस्त्याला परिते, हळदी, आणि वाटेत ठिकठिकाणी नदी पात्र सोडून शेतात शिरलेली. वाटभर मी एकच बेत करत होतो : नातवाला आधी गाठायचे, दोन शब्द सांगायचे, मेल पुसून टाकायची. करार कायद्याच्या भाषेत, कळण्याच्या आत माघार.

सर कोल्हापुरात राहतात. दार त्यांनीच उघडले. मला पाहून ते एवढे हरखले की मला मान वर करवेना. चहा झाला. मग म्हणाले, "काल रात्री फोनवर टिंग झालं. तुझी मेल आली असणार. माझं मन म्हणत होतं. रविवारपर्यंत कोण थांबतो? आलाच आहेस तर तूच वाचून दाखव." आणि फोन माझ्या हातात दिला.

माझ्या बोटाखाली ती मेल होती. पुसायला एक सेकंद लागला असता. 'ही दुसरीच कसली आहे' म्हणायला त्याहून कमी. मी सरांकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून, वर्गात आमच्या कविता ऐकायला बसत तशी बैठक घेतली होती. अमानत म्हणजे काय ते मला त्या क्षणी वडिलांच्या शब्दांत आठवले. पत्रावर माझ्या मित्राचे नाव हवे होते, हे खरे. पण त्यातला प्रत्येक शब्द सरांविषयी होता.

"सर, ही तुमच्यासाठी लिहिलेली नव्हती," मी म्हणालो.

"मग कुणासाठी?"

मी सांगितले.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाच."

मी वाचली. सगळी. 'थांबायला हवे होते' हे वाक्यही. आपण लिहिलेले, ज्याच्याविषयी लिहिले त्याच्यासमोर मोठ्याने वाचणे म्हणजे काय, हे पन्नाशी उलटल्यावर मी शिकलो. वाचताना दोन ठिकाणी मला कळले की इथे मी खरे बोलत होतो. आणि तीन ठिकाणी कळले की इथे मी मित्रापुढे शेखी मिरवत होतो.

सर म्हणाले, "वीस कोणत्या? खुणा कर." हस्तलिखित काढून त्यांनी पेन्सिल दिली. दुपार त्यातच गेली. एका कवितेवर ते भांडले आणि ती त्यांनी ठेवून घेतली. त्यांचे बरोबर होते.

पुढच्या वर्षी संग्रह आला. त्यात एकतीस कविता आहेत. प्रस्तावना नाही. माझ्या प्रतीवर त्यांनी नाव आणि तारीख लिहिली आहे. पूर्वीच्या प्रतींवर 'प्रिय' असे. मी महिन्याला जातो, ते आनंदाने बोलतात, चहा होतो. पण नवी कविता त्यांनी मला पुन्हा दाखवलेली नाही. हे नुकसान कुठल्याही कळीने भरून येणारे नाही, आणि मी तसा प्रयत्नही करत नाही.

मुलीने माझ्या संगणकात 'अनडू'ची मुदत तीस सेकंदांवर नेऊन ठेवली आहे. त्या तीस सेकंदांत मी पुन्हा एकदा सरनामा वाचतो, आणि मग मजकूर, ज्याच्याविषयी लिहिले त्याच्या कानांनी.

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत कंडक्टरचा फोन वाजला. राधानगरीचे आणखी दोन दरवाजे उघडले होते. बाहेर पाहिले तर हळदीच्या पुढे नदीकाठी माणसे चिखलात उतरून मोटारी वर काढत होती, दाव्याला धरून जनावरे रस्त्याकडे आणत होती. त्यांनाही फोन गेलेले होते. नदी अजून होती तिथेच होती. पाणी वाटेत होते. निरोप त्याच्या आधी पोचला होता.